इंजिनात अंथरलेलं लुगडं

लोक मला म्हणतात, झालं गेलं, आता कायले उकरून काढतेस? काढणार. मला आजही राग येतो, तर येऊ दे. कोणाच्या बापाचं काय जातं?

आमचं घर पवनीतल्या विणकरांचं. बाबा मागावर बसायचे आणि माय कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, सूत काढायची. कोसे उकळून मऊ करायचे आणि त्यांचा धागा उघड्या मांडीवर घासून वळायचा. त्या कामानं तिच्या मांडीची कातडी टणक होऊन गेली होती. एवढं करून आमच्या घरातली एकही पोरगी कोशाचं लुगडं नेसून सासरी गेली नव्हती. कोसा असतो विकायला. घरच्या पोरींना मिलची साडी पुरे. माझ्या वेळी मात्र मायनं मनाशी काहीतरी धरलं. व्यापारी जे फुटके कोसे नको म्हणून टाकून जायचे, ते ती मी लहान असल्यापासून मडक्यात साठवत आली होती. माझं लग्न जमलं तेव्हा त्यातूनच तिनं सूत काढलं, बाबांनी माग लावला आणि लुगडं झालं. मधाच्या रंगाचं, लाल काठाचं. मागावरून उतरलं तेव्हा मायनं ते नुसतं मांडीवर घेऊन ठेवलं. कोणाला हात लावू देईना.

त्याच वेळी आमच्या छोट्या रेल्वे लाईनीचं नशीब फळफळलं. ती गाडी आमच्या डोक्याला ताप होती. धूर असा की डोळ्यांत कण गेल्याशिवाय माणूस उतरायचा नाही, आणि चढाला लागली की पोरं खाली उतरून बोरं तोडून परत चढायची. तेव्हा अचानक साहेब लोकांना कळलं की हे इंजिन म्हणजे मोठा वारसा आहे. कुठल्याशा परदेशातला राजपुत्र आणि त्याची बायको ते बघायला येणार होते. त्यांच्याकडे म्हणे अशी इंजिनं हौसेनं घासूनपुसून ठेवतात. झालं, स्टेशनाला चुना लागला. ज्या हापशीसाठी बाया वर्षभर बोंबलत होत्या, ती एका दुपारी दुरुस्त झाली. आमच्या तहानेनं जे झालं नाही, ते पाहुण्यांच्या नजरेसाठी झालं.

विणकरांच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे माझ्या बाबांचे मोठे चुलत भाऊ. मायचे भासरे. आमच्याकडे बाई भासऱ्यासमोर येत नाही, डोक्यावरून पदर ओढते, आणि बोलणं तर सोडूनच द्या. लग्न होऊन आल्यापासून मायनं त्यांच्याशी एक शब्द काढला नव्हता. काका आले, ओसरीत बसले आणि राणीसाहेबांना नजराणा द्यायला कोशाचं लुगडं पाहिजे म्हणाले. सगळ्या पवनीत या घडीला तयार लुगडं तुमच्याच घरी आहे, गावाच्या इज्जतीचा प्रश्न आहे, पोरीसाठी संस्था दुसरा कोसा देईल. लग्न तोंडावर आलं होतं, दुसरं विणून कधी होणार होतं? हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. ते स्वतः विणकर. बाबा मान खाली घालून बसले. दाराआड माय उभी होती, दाराची चौकट धरून. मी तिला म्हटलं, नाही म्हण ना. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला नदी पोहून जायला सांगितलं. नाही कसं म्हणणार? समोर भासरे होते. लुगडं गेलं.

वर मलाच ते ताटात घेऊन फलाटावर उभं केलं, विणकराची पोरगी म्हणून. गाडी आली. पाहुणे भले होते, खोटं कशाला बोलू? राजपुत्राच्या बायकोनं लुगड्यावर हात फिरवला, हसली आणि ते मागच्या माणसाकडे दिलं. मग दोघांना इंजिनात बसून पुढच्या स्टेशनापर्यंत जायचं होतं. आत बसायची फळी कोळशानं आणि तेलानं माखलेली. साहेबांची धांदल उडाली. चादर आणा, सतरंजी आणा. कोणाला काही सापडेना. तेव्हा काकांनी त्या माणसाच्या हातातलं लुगडं घेतलं, पदराकडून उलगडलं आणि फळीवर अंथरलं.

परक्यानं केलं असतं तर मी गिळलं असतं. त्याला काय ठाऊक कोसा म्हणजे काय? पण ज्या माणसाचा जन्म मागावर गेला, त्यानं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडले, "काका, माहं आहे ते!" कोणीतरी माझा दंड धरून मागे ओढलं. शिट्टी वाजली, टाळ्या वाजल्या, आणि राजपुत्र माझ्या लग्नाच्या पदरावर बसून गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ड्रायव्हरनं ते घडी करून स्टेशनावर आणून ठेवलं. राजघराण्याला त्याची आठवण राहिली नाही, काकांनाही नाही. मायनं रिठ्याच्या पाण्यात धुतलं, परत धुतलं. ऐन पदरात हातभर काळा डाग बसला तो बसलाच. बाबा म्हणाले, मिलची साडी आणतो. बाया म्हणाल्या, लग्नात काळं नको, अपशकुन होतो. मी म्हटलं, मी हेच नेसणार, नाही तर लग्न राहू द्या. मला वाटलं माय रडेल. पण लग्नाच्या सकाळी तिनं स्वतः मला नेसवलं आणि डाग झाकायच्या ऐवजी पदर असा काढला की तो समोर छातीवर आला.

अक्षता पडल्यावर वडीलधारे म्हणून काका पुढे आले. मी वाकले, उठले. त्यांची नजर पदरावर गेली आणि तिथंच राहिली. मांडवात सगळे बघत होते. ते हळूच म्हणाले, "धुऊन तं घ्यायचं होतं, बाई."

माझ्या मागून आवाज आला. आधी मला कळलंच नाही तो कोणाचा. माय पुढे आली होती, पदर डोक्यावर तसाच, पण तोंड उघडं आणि डोळे थेट काकांच्या डोळ्यांत.

"धुतलं जी," ती म्हणाली. "निघत नाही."