गोळाभाताचा रविवार

गेल्या जानेवारीतला तिसरा रविवार. सकाळी इतवारीतून आणलेला किराणा दोन हजार तीनशे चाळीस रुपयांचा. रात्रीच्या जेवणाला हजर तिघं: माझे वडील, वय एक्क्याऐंशी, माझा मुलगा, वय एकवीस, आणि मी. बायकोची बदली गडचिरोलीला झालेली, ती दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येते, त्यामुळे त्या दिवशी ती नव्हती. ती असती तर पुढचं झालं नसतं असं नातेवाईक म्हणतात. झालं असतं. फक्त तेल तिच्या हातावर पडलं असतं.

प्रश्न बाबांच्या वजनाचा होता. आई गेली तेव्हा ते अठ्ठावन्न किलो होते. जानेवारीत एकोणपन्नास भरले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजार एकही नाही. खात नाहीत एवढंच. अजून तीन-चार किलो उतरले तर नाकातून नळी घालावी लागेल. तुम्ही काहीही करा, पण पोटात जाऊ द्या."

काहीही करा म्हणणं सोपं असतं. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो. सव्वासहाला घरी येतो, हातपाय धुतो आणि ओट्याशी उभा राहतो. बाबांना फ्रिजमधलं काही चालत नाही. बटाटा चालत नाही. कोबी म्हणजे त्यांच्या मते गुरांचा चारा. वांगं चालतं, पण बी लागलं की ताटाच्या कडेला थुंकतात, तोंड न झाकता, माझ्याकडे बघत. पोळी तव्यावरून थेट ताटात हवी. टोपलीत ठेवलेली पोळी ते दोन बोटांनी उचलून मेलेल्या पालीसारखी बाजूला टाकतात. मुलाचं उलटं. तो जिमला जातो. त्याला तेल नको, रस्सा नको, कांदा दिसायला नको, भात काट्यावर तोलून दीडशे ग्रॅम, आणि रोज चार उकडलेली अंडी. बाबांना घरात अंडं खपत नाही. डिसेंबरात एकदा त्यांनी गॅसवरचं अंड्यांचं गंज, म्हणजे पातेलं, उचललं आणि उकळत्या पाण्यासकट गॅलरीतून खाली भिरकावलं. खाली कोणी नव्हतं, हे आमचं नशीब. गंज चेमटलं. मुलगा वरून ओरडला, "आबाजी, कोणाचं टाळकं फुटलं असतं म्हंजे?" बाबा म्हणाले, "फुटू दे. अंडे खाणाऱ्याचं फुटू दे."

अशा घरात स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात बदलतात. मी भाजी चिरत नव्हतो, तोडत होतो. लसूण ठेचताना खलबत्त्याचा आवाज खालच्या मजल्यावर जायचा. कणीक मी बुक्क्यांनी मळायचो आणि प्रत्येक बुक्कीला कोणाचं ना कोणाचं तोंड असायचं. एका संध्याकाळी बाबांनी तिसरी पोळीही परत केली तेव्हा मी लाटणं ओट्यावर इतक्या जोरात हाणलं की ओट्याच्या काठाचा टवका उडाला. बाबांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. या बाबतीत ते अनुभवी होते. माझ्या लहानपणी वरणात मीठ जास्त झालं की ते भरलं ताट अंगणात फेकायचे, आणि आई उचलायला जायची. कुत्रं ताटाआधीच दारात येऊन बसायचं.

त्या रविवारी मात्र त्यांनी स्वतःहून मागितलं. दुपारी टीव्ही बघता बघता म्हणाले, "गोळाभात खाऊ वाटते गा. फोडणीचं तेल टाकून."

सहा-सात महिन्यांत त्यांच्या तोंडून 'खाऊ वाटते' हे शब्द आले नव्हते. मी लगेच उठलो. बायकोला फोन लावून प्रमाण विचारलं. ती म्हणाली, "हरभऱ्याच्या डाळीचा भरडा घ्या, जाडसर. तिखट, हळद, हिंग, मीठ, कडक तेलाचं मोहन. भात अर्धा शिजला की गोळे वर ठेवायचे आणि वाफेवर होऊ द्यायचे. आणि अहो, एक ऐका. तेल स्वयंपाकघरातच टाकून ताट बाहेर न्या. बाबांचं ऐकू नका."

बाबांचं ऐकू नका असं ती का म्हणाली, ते गोळाभात खाणाऱ्या घरांना सांगावं लागणार नाही. भाताचा ढीग करायचा, गोळा त्यात कुस्करायचा, मधे खड्डा पाडायचा, आणि मोहरी, हिंग, लाल मिरच्यांचं धूर सुटलेलं तेल त्यात ओतायचं. आमच्याकडे ते जेवणाऱ्याच्या समोर, त्याच्या ताटातच ओततात. भातावर तेल पडताना चर्र आवाज झाला पाहिजे. आवाज झाला नाही तर बाबांच्या हिशेबी तो गोळाभातच नाही. आई आयुष्यभर फोडणीचं लोखंडी कढलं हातात धरून गॅसपासून पाटापर्यंत धावली. टेबल आलं तरी कढलं धावतच राहिलं.

घरात भरडा नव्हता. डबा उघडल्यावर कळलं. होतं ते बारीक बेसन. दुकान बंद नव्हतं, पण मुलगा खाली जायला तयार नव्हता ("पप्पा, तुम्ही लोक तेल प्यायला बसणार, त्यात मी काहून पळू?"), आणि मला वाटलं, डाळ ती डाळच. मी बेसनाचेच गोळे वळले.

आठ वाजता ताटं मांडली. मुलाचं ताट वेगळं: तोललेला भात, काकडी, पनीर. बाबांनी भात ओढला, खड्डा पाडला, आणि कित्येक महिन्यांनी बाह्या सारून बसले. त्यांचं मनगट काडीसारखं झालं होतं, घड्याळ कोपराकडे घसरायचं. मी आतून ओरडलो, "बाबा, आणून राहिलो! हात मागं घ्या!" आणि धुरावलेलं कढलं घेऊन बाहेर आलो.

मी पोचेपर्यंत त्यांनी गोळा हाती घेतला होता. तो फुटत नव्हता. बेसन वाफेवर चिवट झालं होतं, वरून दगड आणि आत गिचका. त्यांनी अंगठा रोवला, दात लावले, आणि तोंडातला तुकडा ताटात टाकला.

"हा गोळा आहे का गोटा? कोणाले मारायचा आहे?"

"बाबा, वर तेल पडू द्या, मऊ होईल."

"तुह्या मायच्या हाताचा होता गोळाभात. हे काय आहे?"

मुलगा काकडी चावत म्हणाला, "आबाजी, आजीच्या हातालेही तुम्ही शिव्याच देत होते. मी ऐकल्या आहेत."

"तू चूप रे पोट्ट्या! अंडेखाऊ!"

"पप्पा, काढून घ्या ते ताट. उपाशी राहू द्या एक दिवस. नळी घातली की सगळं खातील."

मी तोवर डावा हात टेबलावर टेकवून कढलं तिरपं केलं होतं. पहिली धार खड्ड्यात पडली, चर्र झालं, आणि त्याच क्षणी बाबांनी उलट्या हातानं ताट ढकललं. ताटाची कड कढल्याला लागली. उरलेलं सगळं तेल माझ्या डाव्या हातावर आलं, बोटांपासून मनगटाच्या वरपर्यंत. ताट जमिनीवर आदळलं. गोळे टेबलाखाली घरंगळले. टेबलावरच्या प्लॅस्टिकला भोक पडून धूर निघाला.

दुखलं ते नंतर. आधी मी मुलाला बघितलं. त्यानं खुर्ची लाथेनं उडवली आणि बाबांचं मनगट पकडून पिरगाळलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? आँ? जाळून टाकता काय आमाले?" बाबांच्या तोंडातून आवाज निघाला, मांजरीचं पिल्लू पायाखाली यावं तसा. त्या हातात हाडाशिवाय काही नव्हतं. अजून जोर लागला असता तर ते मोडलंच असतं. माझ्या उजव्या हातात अजून कढलं होतं. ते मी टाकलं आणि त्याच हातानं मुलाच्या थोबाडीत मारली. तो भिंतीवर गेला. फ्रिजवरचा संत्र्यांचा टोपला खाली आला. दोन क्षण वाटलं, तो आता मला मारणार. तो माझ्याहून चार इंच उंच आहे आणि शंभर किलो उचलतो. त्याची मूठ वर आलीसुद्धा. मग त्याची नजर माझ्या डाव्या हाताकडे गेली. कातडी पिशवीसारखी सुटत होती.

"पप्पा," तो म्हणाला, "चला. गाडीची चावी कुठं आहे?"

बाबा बसल्या जागी होते. दुखरं मनगट पोटाशी धरून म्हणाले, "कणीक लाव गा त्यावर. थंड पडते." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर त्यांचा जबडा धरून जमिनीवरचा भात त्यांच्या तोंडात कोंबला असता. हे मी रागात लिहीत नाही. त्या क्षणी हात रिकामा होता आणि अंतर दोन फूट होतं, एवढंच.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे हात ओला करायचा नाही. म्हणजे भांडी नाही, कणीक नाही, स्वयंपाक नाही. बायकोला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "ताट आतून भरून न्या म्हटलं होतं वो मी." आणि फोन ठेवला. दहा मिनिटांनी तिनंच एका बाईंचा नंबर पाठवला. दोन गल्ल्या सोडून राहतात. मिहानमध्ये कामाला जाणाऱ्या मुलांना डबे देतात.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेलो आणि यादी सांगायला लागलो: एका डब्यात बटाटा नको, कोबी नको, वांग्यात बी नको, दुसऱ्यात तेल नको, कांदा बारीक…

बाई पोळ्या लाटत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊ, माझ्याकडं चाळीस डबे राहतात. भाजी एकच राहते. पटते तर सांगा."

मी म्हटलं, पटते. मनात म्हटलं, दोन दिवसांत बाबा हा डबाही गॅलरीतून फेकतील.

पहिल्या संध्याकाळी डबा आला. मी एका हातानं उघडला. कोबी. वर बटाट्याच्या फोडी. पोळ्या गार, एकमेकींना चिकटलेल्या. मी तो तसाच बाबांसमोर ठेवला आणि दारात उभा राहिलो, कारण मला बघायचं होतं. मुलगाही आपल्या खोलीतून बाहेर आला. आम्ही दोघं आदल्या रात्रीपासून बोललो नव्हतो, पण उभे शेजारी राहिलो.

बाबांनी झाकण पुसलं. पोळ्या सोडवल्या. कोबी खाल्ली. बटाटा खाल्ला. तीन पोळ्या खाल्ल्या, वरणाची वाटी बोटानं निपटली आणि डबा स्वतः उठून मोरीत नेऊन विसळला. मनगटावर निळा वण होता, म्हणून सावकाश.

मुलगा हळूच म्हणाला, "पप्पा, आबाजी बदलले का कोणी?"

मी म्हटलं, "बाबा, कोबी होती ती."

"हो."

"तुम्ही कोबी खात नाही."

"त्या बाईनं इतक्या लोकायचं करून पाठवलं," बाबा म्हणाले. "परकी बाई आहे. तिच्या घरी उष्टं वापस कसं पाठवाव? बरं दिसत नाही."

"आणि मी केलेलं परत पाठवलेलं बरं दिसते?"

ते माझ्या पट्टीकडे न बघता म्हणाले, "तू घरचाच आहेस गा."

मोरीच्या कडेला तो विसळलेला स्टीलचा डबा पालथा होता. मी तो उजव्या हातानं उचलला आणि ओट्याच्या कडेवर हाणला. एकदा, मग पुन्हा, मग झाकण हाणलं. कितीदा ते मोजलं नाही. आवाजानं खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर आले, मुलानं त्यांना दारातूनच सांगितलं, "काही नाही काका, डबा अडकला होता, उघडून राहिलो." बाबा पलंगावर जाऊन पडले. थोड्या वेळानं त्यांनी तृप्त ढेकर दिला. तो मला स्वयंपाकघरात ऐकू आला.

तीन आठवड्यांत त्यांचं वजन पन्नास किलो चारशे ग्रॅम झालं. नळीचा विषय डॉक्टरांनी काढला नाही. माझा हात बरा झाला. मनगटावरची कातडी अजून गुळगुळीत आणि गुलाबी आहे, उन्हात चुरचुरते. पट्टी सुटल्यावर बायको म्हणाली, आता घरी करा. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "करायचं तर करा. पण त्या बाईले नाही कसं सांगाव?" मुलगा म्हणाला की त्याला डब्यातली कोबी आवडत नाही, पण चालेल.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला मी बाईंकडे जाऊन तिघांच्या एका वेळच्या डब्याचे महिन्याचे सहा हजार सहाशे रुपये दिले. तेव्हापासून घरीच राहिलेला चेपलेला डबा त्यांनी हातात फिरवून पाहिला, माझ्या मनगटाकडे पाहिलं. डब्याचे साडेतीनशे त्यांनी वेगळे मागितले. तेही दिले.