गोधड्यांची सहल

आमची आई वर्षातून एकदा आम्हा दोघा भावांना तापीवर सहलीला नेते, असं अख्खं गाव समजतं. समजू दे.

खरं असं आहे. नवरात्रात घट बसायच्या आधी आमच्या चोपड्याकडे घरातली झाडून सारी अंथरुणं-पांघरुणं धुवायची असतात. बायका लेकीसुना घेऊन घाटावर जातात. आईला लेक नाही. आणि ओली गोधडी एकट्याने पिळता येत नाही, दोन टोकांना दोन माणसं लागतात. त्यात आईच्या गोधड्या! जुन्या साड्या, बाबांची धोतरं, आमच्या शाळेच्या चड्ड्या, सगळं थरावर थर घालून टाचलेलं. भिजली की म्हैस उचलतोय असं वाटतं.

म्हणून ती आम्हाला नेते. पण घाटावर पोरांना गोधड्या तुडवताना कोणी पाहिलं तर झालंच, जन्मभर 'बायल्या' म्हणून चिडवतील. तेव्हा तिने गावापासून लांब, नदीच्या वळणावर, खडकांची एक जागा हेरली. डब्यात कळण्याची भाकरी, भरीत, ठेचा. सोबत हे भलं मोठं गाठोडं. कोणी विचारलं, "अक्का, एवढ्या गोधड्या कशाला?" की ही बिनदिक्कत सांगणार, "बसायला. पोरांना दगड टोचतात ना!" बाबांनीही कधी विचारलं नाही. गोधडी आपोआप स्वच्छ होते, अशीच पुरुषांची समजूत असते.

आम्ही घोडे झालो तरी सहल सुटली नाही. मी पुण्याला नोकरीला लागलो, तिथून वॉशिंग मशीन आणून दिलं. त्याने एक गोधडी पोटात घेतली, घरघर केली आणि जे डोळे मिटले ते मिटलेच. आईला कोण आनंद झाला!

परवाच्या वर्षीची गोष्ट. दादाचं लग्न जमत नव्हतं. दादा माझ्यापेक्षा शंभर पट शहाणा, केळीची बाग अशी राखतो की बघत राहावं. पण शेती करतो ना! मुलींच्या बापांना पुण्याचा जावई हवा. फोन यायचे ते माझ्यासाठी, आणि मी सुट्टीला घरी असलो की दादा ते शांतपणे माझ्याकडे द्यायचा. माझं डोकंच फिरायचं. शेवटी धुळ्याकडचं एक स्थळ बरं वाटलं. फोटो आवडला, पत्रिका जुळली, आता घर बघायला कधी येतात याची आई देव पाण्यात ठेवून वाट बघत होती.

आणि ते आले. न सांगता. नेमके सहलीच्या दिवशी. बाबांनी मोठ्या हौसेने त्यांना नदीचा रस्ता दाखवला.

गाडीचा आवाज आला तेव्हा दादा चड्डीवर, गुडघाभर फेसात, गोधडी तुडवत होता. आईने वर पाहिलं, फोटोतली मुलगी ओळखली. "माय वं! मेले!" म्हणत तिने ओल्या गोधड्यांचा ढीग केला आणि त्याच्यावर पदर पसरून चक्क बसली. "पाण्यात खेळा रे!" आम्हाला दबक्या आवाजात हुकूम. तिशीतले दोन बाप्ये, एकमेकांवर पाणी उडवू लागलो.

"सहलीला आलोय!" आई हसून म्हणाली. मुलीचे वडील समोरच्या दगडावर टेकले. आईने बसल्या जागेवरूनच थर्मासातला चहा दिला. उठायची सोय नव्हती. तिच्या खालून पाण्याचे ओघळ नदीकडे चालले होते आणि ती पावसापाण्याच्या गप्पा मारत होती.

मुलगी मात्र दादाकडे बघत होती. "तुम्ही काय करत होता?"

मी दादाला कोपर मारलं. काही उपयोग नाही. या माणसाला खोटं बोलता येतच नाही.

"गोधड्या धूत होतो," तो म्हणाला. "आईने शिवलेल्या आहेत. तिच्या खांद्याला पिळणं झेपत नाही. दरवर्षी आम्हीच धुतो."

आईने डोळे मिटून घेतले. गेलं स्थळ! मला दादाचा राग आला, मग त्याच्या त्या फेसाळ पोटऱ्यांकडे बघून तो ओसरला.

मग मुलीचे वडील कप खाली ठेवून म्हणाले, "अक्का, उठा आते. बठ्ठं लुगडं वलं व्हई गयं."

अख्खी साडी ओली झालेली त्यांनी केव्हाच पाहिली होती. आई उठली. मुलीने चपला काढल्या, ढिगातली वरची गोधडी ओढली आणि एक टोक दादाच्या हातात दिलं. "धरा नीट." तिने असा काही पीळ दिला की दादाच्या हातातून टोक सुटलं आणि तो फतकल मारून पाण्यात बसला. ती खो खो हसली. दादाही हसला. तसं हसताना मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"बाबा, मला पसंत आहे," ती तिथेच म्हणाली.

आई निथळत्या साडीनिशी तिच्याजवळ गेली. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि आईचे डोळे घळाघळा वाहायला लागले. "दोन्ही वेळा मी मुलगीच मागितली होती गं देवाकडे," ती म्हणाली.

"आई, आम्ही इथेच उभे आहोत," मी म्हणालो.

तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"मग पिळा की!" म्हणाली.