उडी जरा हळू

दुकानाच्या पायरीवर चप्पल काढायची, वळून आभाळाकडे बघायचं आणि मगच आत यायचं, ही काकांची पद्धत. "वारा न्हाय ना ओ?" तुम्ही म्हणाल, माणगावच्या भर बाजारात वाऱ्याची कसली भीती? पण वादळात दिवेआगरची ज्याची अख्खी वाडी आडवी झाली, त्याला झावळी हलली तरी धडकी भरते.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. काकांचा जुना कॉम्प्युटर त्याच वादळात भिजून गेला, पण त्यातला एक गेम मी वाचवला. शिड्या चढणारा, खड्ड्यांवरून उड्या मारणारा इवलासा माणूस. आणला होता मुलांसाठी, खेळायच्या मात्र काकू. नव्या लॅपटॉपवर तो माणूस असा सुसाट सुटला की दिसायच्या आत खड्ड्यात.

"जरा हळू करा भाऊ, ती घाबरते," काका म्हणाले.

काकूंना काही आठवेनासं झालं होतं. नवऱ्यालाच विचारायच्या, "तुम्ही कोणाकडं आलात?" पण गेम लावून काका शेजारी बसले आणि खड्डा आला, की म्हणायच्या, "अहो, उडी मारा की." त्या एका 'अहो'साठी काका एसटीने माणगाव गाठायचे.

जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम टाकून मी वेग उतरवला. काही महिन्यांनी काका परत आले. "अजून जरा हळू."

"काका, हा काय पालखीबरोबर निघालाय का?" मी चेष्टा केली.

ते हसले, मग त्यांनी पडद्यावरच्या माणसावर बोट ठेवलं. "ती बोलायच्या आत तो पडतो ओ. मग माझ्याकडं परक्यासारखी बघते. मला तिची भीती वाटते."

मी पुन्हा चेष्टा केली नाही.

शेवटचे आले तेव्हा वेग तळाला नेला. उडी मारलेला माणूस हवेतच लटकून राहिला. "काका, याच्या खाली गेलं की गेम बंद पडेल," मी सांगितलं. तो खाली टेकेपर्यंत ते बघत राहिले.

"चालंल. एवढ्या वेळात ती एकदा तरी हाक मारंल."

त्यानंतर ते आलेच नाहीत. हल्ली पायरीवर उभा राहून मीच आभाळ बघतो. त्यांचा नंबर आहे, पण फोन लावायची छाती होत नाही. 'अजून हळू करा' म्हणाले, तर माझ्याकडे काही उरलेलं नाही. आणि 'आता नको' म्हणाले, तर ते मला ऐकवणार नाही.