पडून नसलेले दोन स्क्रू

वेंडल ऑस्ट्रँडरने एकतीस वर्षं वूस्टरच्या शाळेची पिवळी बस चालवली. त्यातली एकोणीस वर्षं त्याची संध्याकाळ गॅरेजमध्ये एका इटालियन मोटरसायकलपुढे गेली. तिच्या कारखान्याला टाळं लागून जमाना झाला होता. सबंध ओहायोत तसली दुसरी गाडी नव्हती, आणि खरं सांगायचं तर ओहायोचं त्यावाचून काही अडतही नव्हतं.

इंजिन बोलू लागलं, लाल रंग चढला, आणि घोडं अडलं ते फेअरिंगपाशी. वारा अडवणारं ते पुढचं फायबरचं कवच चौदा स्क्रूंवर बसायचं. पाव फेरी दिली की टक् करून अडकणारे, डोक्यावर चांदणीसारखा बारीक तारा ठसवलेले. वेंडलकडे बारा होते.

त्याची बायको आर्लीन म्हणाली, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आवळ आणि जा फिरायला, सगळे तेच करतात. वेंडलने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. माणूस गरीब स्वभावाचा, पण या बाबतीत आडमुठा, आणि आडमुठेपणाला तो तत्त्व म्हणायचा.

तत्त्वाला वेळ मात्र थोडा होता. काचबिंदू वाढत होता, बाजूचं दिसेनासं झालं होतं. हा उन्हाळा चालवून घ्या, पुढे परवाना मिळणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्याला त्या गाडीवरून एकदा, फक्त एकदा, ईरी सरोवरापर्यंत जाऊन यायचं होतं.

समोरच्या घरात मर्ल चान्झ राहायचा, चाळीस वर्षांचा दोस्त. त्याच्या गॅरेजमध्ये तंबाखूच्या डब्यांची भिंतच होती, प्रत्येकात कुठल्या ना कुठल्या गाडीचे अवयव. आता तिकडे कुणाकडे वस्तू सरळ मागणं म्हणजे उद्धटपणा. पडून आहे का, असंच विचारायचं, म्हणजे नाही म्हणणाऱ्यालाही जड जात नाही. वेंडलने रीतसर विचारलं.

"मर्ल, ताऱ्याचे स्क्रू पडून आहेत का रे कुठं?"

"पडून? छे," मर्ल म्हणाला. "पण मिळेपर्यंत थांब लेका. एवढी देखणी बाई, आणि तिला सुतळी बांधून मिरवणार?"

वेंडलला ते मनापासून पटलं. आडमुठ्याला हवं तेच कुणी बोललं की ते शहाणपण वाटतं. जूनमध्ये त्याने तीन गावांचे जुन्या सुट्या भागांचे बाजार पालथे घातले. जुलैत इटलीहून एक पाकीट आलं. त्यातले स्क्रू केसभर आखूड निघाले, अडकेनात. ऑगस्ट नुसता वाट बघण्यात गेला. सप्टेंबरात परवान्याच्या कचेरीतल्या बाईंनी त्याचे डोळे तपासले आणि कार्ड परत दिलंच नाही.

गाडी विकायला काढली, तर अर्धवट फेअरिंगमुळे गिऱ्हाईक येईना. शेवटी मर्लच म्हणाला, मी घेतो, निदान तुझ्या डोळ्यांसमोर तरी राहील. डोळ्यांसमोर, असं तो काचबिंदूवाल्याला म्हणाला. दोन स्क्रू नाहीत म्हणून त्याने भावही पाडून घेतला, आणि तरी वेंडलने त्याचा हात धरून डोळे पुसले. केसानं गळा कापला जातो तो असा, मान पुढे करून.

पुढच्या रविवारी चर्चहून परतताना वेंडल मर्लच्या अंगणात शिरला. मर्ल गाडीपुढे गुडघ्यांवर बसला होता. टक्, असा आवाज आला. मग पुन्हा, टक्. तो आवाज वेंडलने बारा वेळा ऐकला होता.

"कुठं मिळाले?" त्याने विचारलं.

"मिळाले कुठले. वीस वर्षं आहेत माझ्याकडे. तू विचारलंस, पडून आहेत का. पडून नव्हते, जपून ठेवले होते."

मर्लच्या आवाजात लाज नव्हती, कुणाचं व्याकरण सुधारावं तसा तो बोलला. मग हातातला डबा त्याने वेंडलकडे दिला, जरा धर म्हणाला, हेल्मेट चढवलं आणि किक मारली. वेंडलला आता नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. लाल रंग त्या नळीतून निघून गेला, आवाज थोडा वेळ मागे राहिला.

त्याने डब्यात बोट घातलं. बोटाला तारा लागला. मग दुसरा, मग आणखी. सात होते. मर्लने धर म्हटलं होतं, म्हणून तो येईपर्यंत वेंडल डबा धरून तिथेच उभा राहिला.