नेपाळला हव्यात बारा सह्या

सभागृहात चारशे देश होते. बरं, जगात तेवढे नाहीत हे मलाही कळतं, चाळीस होते. पण प्रत्येक देश ब्लेझर घालून आलेला आणि प्रत्येकाला दहा जणांचा घाम फुटलेला, तेव्हा माझा आकडा फार काही चुकलेला नाही.

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात ही स्पर्धा भरली होती. विद्यार्थ्यांनी एकेका देशाचे प्रतिनिधी व्हायचं, इंग्रजीतून भाषणं ठोकायची, वाटाघाटी करायच्या आणि जगाच्या एखाद्या प्रश्नावर ठराव आणायचा. यंदाचा प्रश्न होता समुद्रातला प्लास्टिकचा कचरा. आणि आमच्या कॉलेजच्या वाट्याला आला नेपाळ. म्हणजे ज्याला समुद्रच नाही तो. चिठ्ठी उघडल्यावर आमच्या मॅडमनी ती इतका वेळ उलटसुलट करून बघितली की तेवढ्यात एव्हरेस्ट दोन इंच तरी वाढला असेल.

नेपाळ दोघींचा मिळून होता. एक मी आणि दुसरी माझी हॉस्टेलमधली रूममेट. ती ओझरची. वडील विमानाच्या कारखान्यात, त्यामुळे घरात सगळं मोजूनमापून. एकदा खोलीत पाल बघून मी ‘मगर! मगर!’ म्हणून ओरडले, तर हिनं शांतपणे फूटपट्टी शोधायला घेतली. अशी ही बाई. मागच्या वर्षी ती अशाच एका स्पर्धेत बोलायला उभी राहिली, माईक हातात घेतला, आणि अक्षरही न उच्चारता खाली बसली. तेव्हापासून तिनं जाहीर करून टाकलं होतं, मी लिहीन, बोलणार नाही. यंदा दीड महिना जागचं न हलता तिनं ठरावाचा मसुदा लिहिला होता. मेसमध्ये एका हातानं जेवायची आणि दुसऱ्या हातानं खोडायची. चार पानांचा मसुदा, पण तिचा सगळा जीव त्यात.

बोलणं माझ्याकडे. त्याला माझी कधीच ना नसते.

नियम साधा होता. मसुदा सभेपुढे यायचा तर त्यावर बारा देशांच्या सह्या हव्यात, आणि त्या चहाच्या सुट्टीतच मिळवायच्या. वीस मिनिटं. नाही जमलं तर मसुदा गेला रद्दीत.

सुट्टी झाली आणि सगळे मोठ्या देशांभोवती गोळा झाले. जपान म्हणजे पुण्याच्या कॉलेजातला एक उंच मुलगा होता, थ्री-पीस सूट घातलेला. त्याच्याभोवती तर लग्नात नवरदेवाभोवती असते तशी गर्दी. मी मसुदा घेऊन गेले, तर तो हसून म्हणाला, “नेपाळ? तुमचा समुद्राशी काय संबंध?” आजूबाजूचे पाच देश खिदळले.

मी परत आले. रूममेटनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, “राहू दे गं. पुढच्या वर्षी बघू.”

हे ती ज्या आवाजात म्हणाली ना, त्यानं माझं डोकंच फिरलं. म्हटलं, थांब. मी त्र्यंबकची आहे.

आता त्र्यंबकची म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या घरी वरच्या मजल्यावर यात्रेकरूंना उतरायला तीन खोल्या आहेत. सुट्टीच्या दिवशी मी वडिलांबरोबर एसटी स्टँडवर उभी असायची. बसमधून माणूस उतरला की त्याला घेरायला पंधरा जण धावतात, ‘रूम? रूम?’ करत. माझे वडील तसं काही करत नाहीत. ते सरळ माणसाच्या हातातली पिशवी घेतात, “कुठून आलात? प्रवास कसा झाला?” म्हणतात आणि चालायला लागतात. माणूस आपसूक मागे येतो. पिशवी जाईल तिकडे माणूस जातो. आणि तो ‘नको’ म्हणाला तर ते ऐकू आलंच नाही असं समजायचं. या एका विद्येवर आमच्या खोल्या बारा महिने भरलेल्या असतात.

मी तेच केलं.

केनियाची बॅग उचलली. “कुठून आलात? जळगाव? बापरे, प्रवास कसा झाला? चला, चहा घेऊ.” केनिया मागोमाग. एका हातात चहाचा कप देऊन दुसऱ्या हातात पेन दिलं, सही झाली. मग नॉर्वेची लॅपटॉपची पिशवी. मग पेरूची. इजिप्त जरा सावध मुलगी होती, “आधी वाचते” म्हणाली. तिला मी बिस्किटं दिली. तोंड भरलेलं असताना माणूस फार वाचत नाही. एका वेळी माझ्या दोन्ही खांद्यांवर मिळून अकरा देश लटकत होते आणि मागून त्यांचे मालक, अशी मिरवणूक चहाच्या टेबलाकडे निघाली होती. सगळ्यात शेवटी ब्राझील. सटाण्याकडचा, काडीसारखा मुलगा. तो बिचारा सही करून सुद्धा मागे मागे फिरत राहिला.

“ताई, मनी बॅग तुमनाकडे शे!”

“देते रे तुझी बॅग, पळून चालले का मी?”

घंटा झाली तेव्हा मी मसुदा रूममेटपुढे आपटला. “घे! पस्तीस सह्या!”

तिनं मोजल्या. “एकोणीस.” पण तिचे कान लाल झाले होते. तिनं ते कागद दोन्ही हातांनी असे धरले होते, जसं काही वारा सुटणार आहे.

आणि वारा सुटलाच. जपान उभा राहिला. इंग्रजीतून अगदी मधाळ आवाजात म्हणाला, “अध्यक्ष महोदया, सह्या करणाऱ्यांपैकी कुणालाही विचारा, त्यांनी हा मसुदा वाचला आहे का?”

अध्यक्ष म्हणजे चष्मा लावलेली एक कडक सीनियर. तिनं यादीवर बोट ठेवलं. “ब्राझील?”

ब्राझील उठला. इतका खरा मुलगा मी आयुष्यात पाहिलेला नाही. “नो मॅडम,” तो म्हणाला. “माझी बॅग नेपाळकडे होती.”

सभागृह असं हसलं की मला वाटलं छत पडतंय. आमच्या मॅडमनी ओढणीत तोंड लपवलं. अध्यक्षही हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, “मसुदा बाद करण्याआधी नेपाळला दोन मिनिटं देते. तो काय आहे ते सांगा. मग एकेका देशाला विचारीन, सही ठेवायची की काढायची.”

मी झोकात उभी राहिले. आणि तेव्हा लक्षात आलं की पहिल्या पानापुढे मसुदा मीही वाचलेला नाही. दीड महिना ती समोर बसून लिहीत होती आणि मी नुसतं ‘मस्त, मस्त’ म्हणत होते. तरी तोंड कुठं थांबतंय? “हिमालयातल्या दहा लाख खेड्यांमध्ये...” मी सुरुवात केली.

माझा कुर्ता मागून जोरात ओढला गेला. मी धपकन खुर्चीत बसले. आणि ती उभी होती.

माईक तिच्या हातात होता. एक सेकंद गेला, दोन, पाच. मागच्या वर्षीसारखं झालं तर ते माझ्यामुळे होणार होतं.

“आमच्याकडे समुद्र नाही,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मागचे देश पुढे वाकले. “पण नद्या आमच्याकडून निघतात. आम्ही पुलावरून जे टाकतो ते वाहत तुमच्याकडे येतं. म्हणून हा मसुदा आधी आम्हालाच दोषी धरतो. वरच्या देशांनी आपल्या हद्दीत नदीला जाळ्या लावायच्या, कचरा काढायचा, आणि किती काढला ते दर महिन्याला खालच्यांना कळवायचं. आम्ही करू. तुम्ही नुसतं मोजा.”

बसली. दोन मिनिटांतलं अर्धं मिनिटही वापरलं नाही. मला आमच्या त्र्यंबकच्या कुंडाजवळचे, नदीच्या उगमाशीच टाकलेले रिकामे द्रोण आठवले आणि मी पहिल्यांदाच मसुद्याचं दुसरं पान उघडलं.

अध्यक्षांनी यादी वाचायला घेतली. केनिया, ठेवतो. नॉर्वे, ठेवते. पेरू, काढतो. इजिप्त माझ्याकडे रागानं बघत म्हणाली, “बिस्किटांसाठी नाही, पण ठेवते.” मग एकामागून एक तिघांनी काढल्या. मी बोटांवर मोजत होते, ती कागदाच्या कडेला रेघा मारत होती. अठरा देश झाले. अकरा राहिले, सात गेले.

“ब्राझील?”

तो उठला. मी देवाचं नाव घेतलं, खरं तर तेहतीस कोटींचंही घेतलं.

“मी अजून वाचलेला नाही, मॅडम,” तो म्हणाला. “पण ऐकला. ठेवतो.”

मी किंचाळले. ती किंचाळी इगतपुरीपर्यंत गेली असणार. अध्यक्षांनी टेबलावर हातोडी आपटली, मसुद्यावर ‘क्रमांक एक’ लिहिलं आणि चर्चेसाठी दहा मिनिटं सोडली. रूममेट जागेवर तशीच बसून होती. तिच्या रेघा बारावर थांबल्या होत्या.

आणि मग थ्री-पीस सूट आमच्या टेबलाशी आला. जपान जरा अवघडून म्हणाला, “त्या जाळ्यांच्या कलमाबद्दल विचारायचं होतं. मसुद्याची एक प्रत मिळेल का? मी जागेवर नेऊन वाचतो.”

“नेऊन नाही,” ती म्हणाली. “इथे बसून वाचा. माझ्यासमोर. आणि विचारा.”

मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अगं, ह्यांना खुर्ची आण.”

मी पळत गेले.