नावाच्या रकान्यात ‘आमचे हे’

“दोरयेक हात लावा, मगे बोला.”

बायको हे मला ऐकवायची. आमच्या मिठबावला रापण, म्हणजे सगळ्या गावाने मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं, आत येत असताना जो नुसता उभा राहून हुकूम सोडतो, त्याला असं म्हणतात. हुकूम सोडण्यात मी पटाईत. म्हणून तिने ते वाक्य घरी आणलं.

शेवटच्या सकाळीही तेच. पडवीत बसून ती एक कागद लिहीत होती. मी चौथी नापास, म्हणून चुका काढत होतो.

कागद इंटरनेटचा. सगळे देश परदेशात जमून त्याचे पुढचे नियम ठरवणार होते. साध्या माणसांनीही मत कळवावं, म्हणून गावच्या संगणक केंद्रात सभा झाली. नेट म्हणजे जाळं, एवढं इंग्रजी मला येतं. मी उठून ठणकावलं, “भोकं बारीक ठेवू नका, पिल्लं मरतात!”

तुम्ही हसलात ना? सभाही हसली. हिने तर पदर तोंडात कोंबला.

परतताना म्हणाली, “तुमी चुकलात नाय. रापण सगळ्यांची, तसा ह्या जाळाय सगळ्यांचा. मगे नियम मोठ्यांनीच कित्याक करूचे?”

“मगे तू जातलंस परदेशात? माशांची पाटी घेवन?”

“जातलंय. कागदार बसान.”

मागणी एकच लिहिली तिने. इंटरनेटवरचा पत्ता अजून बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच टाकावा लागतो. तो सगळीकडे आमच्या अक्षरांत चालू द्या. सातवी शिकलेली, जन्मभर मासे विकले, पण मासे गुंडाळायचा पेपर आधी वाचून मग फाडायची.

खाली तिला दोघांची नावं हवी होती. चाळीस वर्षांत तिने माझं नाव घेतलं नव्हतं. लिहायलाही हात धजेना. शेवटी लिहिलं, ‘आमचे हे’.

“अगो, जगाक कसा कळतला मी कोण ता?”

“माका कळता मां? पुरे.”

कागद पोचवायची मुदत दुसऱ्या दिवसापर्यंत. उद्या दोघं जाऊ म्हणाली. दुपारी विहिरीवर तिच्या छातीत कळ आली. ओरोसच्या मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच गेली. दिवस मावळायच्या आत अग्नी दिला.

सकाळी मी कागद घेऊन निघालो. भाऊ ओरडला, “सुतकात खंय चललंस रे?” मी थांबलो नाही.

केंद्रातल्या बाई मला बघून उभ्याच राहिल्या. कागद मी लांबूनच टेबलावर ठेवला. त्यांनी सगळं संगणकात उतरवून घेतलं आणि नावापाशी अडल्या.

“आजोबा, इथे तुमचं खरं नाव टाकू?”

“ताच खरा आसा.”

“बरं. आता हे बटण दाबलं की गेलं.” त्यांनी बटणाकडे हात नेला.

“थांबा,” मी म्हटलं. बटणाला सुतक लागतं की नाही, ते विचारलं नाही. बोट धोतराला पुसलं आणि दाबलं.