गळांना खोबरेल

आमच्या घरात केसांपेक्षा गळांना जास्त खोबरेल लागतं. पाहुण्यांना हे सांगितलं की ते हसतात आणि मग हळूच माझ्या केसांकडे बघतात. बघोत बापडे.

मी दर रविवारी मिठबावच्या खाडीवर मासे मारायला जाते. पोटापाण्यासाठी नाही. आठवडाभर कचेरीत माणसांची तोंडं बघितल्यावर माशाचं तोंड बरं वाटतं, म्हणून. माझ्याकडे प्लास्टिकचे खोटे मासे आहेत, दोरीने ओढले की खऱ्यासारखे पोहणारे, पोटाखाली तीन टोकांचे गळ लटकवलेले. बाबांना ते कधीच पटले नाहीत. "खेळण्याक भुलान मरतत ते मासे! तेंका अक्कल नाय, आपणाक तरी व्हयी," असं म्हणायचे, आणि मी आणलेल्या तांबोशी माशाचं डोकं मात्र स्वतःच्या ताटात ओढायचे.

बाबांनी स्वतः जन्मभर गरी टाकली, खऱ्या आमिषाची. मग एकदा खाडीकाठच्या खडपावर घसरून त्यांचा खुबा मोडला आणि खाडी सुटली. वॉकर घेऊन घरापुढच्या खळ्यातल्या खुर्चीपर्यंत येत, तिथेच दुपार करत. बोलणं आटत चाललं होतं. मला त्याची फार भीती वाटायची. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प बसलेल्याशी काय भांडणार?

त्यातच माझे गळ गंजले. खाडीवरून आलं की ओला डबा फळीवर आपटायचा, ही माझी शिस्त. एकदा उघडून बघते तर सगळे लालभडक. बाबा खुर्चीतून डोकावले आणि कित्येक दिवसांनी आपणहून बोलले.

"कोकमात घाल. तांब्याचा भांडा कसा लख्ख होता, तसे होतले."

"कोकमा सोपली. आगळ आसा."

"आगळ काय नि कोकम काय, एकाच झाडाचा!"

घातले. आता, आगळ म्हणजे कोकमाचा रस, तो मिठावरच टिकतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि आम्ही दोघं, सोलकढीवर वाढलेली माणसं, खारं पाणी लागून गंजलेल्या गळांना रात्रभर मिठातच बुडवून झोपलो. सकाळी काही गळांची टोकं बोटाने मोडली आणि बाकीचे काळेठिक्कर. आगळ वाया गेलं ते वेगळंच. मी बाबांकडे रोखून बघितलं.

"मी कोकम सांगलंय," ते म्हणाले, "आगळ तू घातलंस." आणि हसले. खुबा मोडल्यापासून पहिल्यांदाच, पार ठसका लागेपर्यंत.

त्या दिवसापासून गळांचा कारभार त्यांनी स्वतःकडे घेतला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी खाडीवरून आले की डबा आधी त्यांच्या मांडीवर. गळ गोड्या पाण्यात धुवायचे. विहिरीचं उन्हाळ्यात मचूळ होतं, म्हणून माझ्या पिण्याच्या कळशीतलं. कड्यांच्या सांध्यात जुन्या दातघासणीने घासायचं. उन्हात सुकवायचं, पण कावळ्यावर नजर ठेवून. मग बोटावर खोबरेल घेऊन एकेक गळ पुसायचा आणि थर्माकोलच्या तुकड्यात वेगळा टोचायचा, कारण एक गंजला की शेजाऱ्यालाही लावतो. यात त्यांची अख्खी दुपार जायची. तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. मला शिव्या बसू लागल्या. घर घरासारखं वाटायला लागलं.

मग दोडामार्गहून भाऊ आला. तो रोज गोव्याला कामाला जातो, तिथल्या दुकानातून माझ्यासाठी न गंजणारे गळ घेऊन आला. "नुसते पाण्यात बुचकाळ नि ठेव. बाबांका कित्याक तरास?" मायेनेच म्हणाला. बाबाही म्हणाले, "बरा झाला." आणि खोबरेलाची वाटी आपल्या हाताने आत ढकलली.

पुढचे रविवार ते खुर्चीत नुसते बसून राहिले. तांबोशीचं डोकं ताटात तसंच राहिलं. भावाचा एवढा राग मला लहानपणी त्याने माझी सायकल मोडली तेव्हाही आला नव्हता.

मी नवे गळ काढून ठेवले आणि जुने लावले. पण नेमका वारा फिरला, समुद्र खवळला, खाडीवर जायची सोय राहिली नाही. त्या रविवारी बाबा सकाळपासून फाटकाकडे बघत होते. शेवटी मी स्वयंपाकघरात वाडग्यात मीठ कालवलं, जुने गळ त्यात बुडवले आणि डबा त्यांच्या मांडीवर आदळला.

"काल कामावरसून येताना खाडीर गेललंय. काय गावाक नाय. नवे गळ बोथट आसत, म्हणान ह्येच लावलंय."

बाबांनी एक गळ उचलला. नाकाशी नेला. मग जिभेचं टोक हळूच लावलं आणि माझ्याकडे बघत राहिले. मी दारातून आत, चुलीवरच्या दुधाकडे लक्ष आहे असं दाखवलं. चुलीवर दूध नव्हतं.

"गो बाय," ते म्हणाले, "दुसऱ्या खेपेक दर्यावरसून बाटलीभर पाणी घेवन ये. घरातला मीठ महाग आसा."

आणि त्यांनी हात पुढे केला. मी खोबरेलाची वाटी आणून दिली.